पारिभोगिक की उद्देसिक? : पुण्यातील फुले-स्मारके आणि सार्वजनिक द्रव्य

भगवान बुद्धांच्या जन्मस्थळाची निर्विवाद खूण पटवणारा अशोकस्तंभ १८९६ साली नेपाळच्या तराईत उजेडात आला. त्यावरील ब्राह्मी लेख अवघ्या पाच ओळींचा आहे. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा येथे स्वतः आला, त्याने पूजा केली, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून दगडी बांधकाम करविले व शिलास्तंभ उभारला, असे त्यात प्रथम सांगितले आहे. आणि लगेच पुढे, भगवंत येथे जन्मले म्हणून लुंबिनी ग्राम 'उबलिके' म्हणजे बलि नावाच्या करातून मुक्त, आणि 'अठभागिये' म्हणजे आठव्या भागाचा धनी केले गेले, अशी नोंद आहे. दगडी बांधकामाविषयीच्या शब्दाच्या अर्थावर विद्वानांत एकमत नाही. कुणी त्यास भिंत म्हणतात, कुणी अश्वाकृती मानतात. अष्टभागाविषयीही वाद आहे. परंतु प्राचीन राजनीतीत भूमीचा सहावा हिस्सा राजाचा मानला जाई, हे ध्यानी घेता आठव्या भागाचा उल्लेख सवलतीचाच असावा, हे मत आम्हांस ग्राह्य वाटते. थोर पुरुषाच्या जन्मभूमीसाठी राजकोशातून खर्च केल्याची याहून जुनी लेखी नोंद निदान आमच्या पाहण्यात नाही.

या लेखाचे धार्मिक महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. आज आम्हांस त्याकडे एक जमाखर्चाचा कागद म्हणून पाहावयाचे आहे. एकाच कारणासाठी, म्हणजे 'येथे भगवंत जन्मले' या एका कारणासाठी, राजाने दोन खर्च केले. एक दगडावर, दुसरा गावावर. पहिला खर्च एकदाच करावयाचा होता. दुसरा दरवर्षी राजाच्या उत्पन्नात तूट आणणारा होता. आणि शिल्पकाराने दोन्ही खर्च एकाच स्तंभावर, एकाच दमात कोरले.

पुणे शहरात आणि त्याच्या परिसरात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या स्मारकांसाठी शासन आज मोठी रक्कम काढून ठेवीत आहे. २०२३ सालच्या राज्य अर्थसंकल्पात बुधवार पेठेतील भिडे वाड्याच्या जागी मुलींच्या पहिल्या शाळेचे स्मारक व्हावे म्हणून ५० कोटी रुपयांची घोषणा झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्या स्मारकाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे करण्यात आली. गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील फुले वाडा आणि जवळचे सावित्रीबाई फुले स्मारक ही दोन्ही स्थळे भूसंपादन करून जोडण्याचा आराखडा गेली काही वर्षे चर्चेत आहे. आणि सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा, येथील स्मारकासाठी २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १४२ कोटी रुपयांस, व त्याच ठिकाणच्या महिला प्रशिक्षण केंद्रासाठी सुमारे ६७ कोटी रुपयांस मान्यता दिली.

या खर्चास आमचा विरोध आहे, असा तर्क कुणी करू नये. याच शहरात १९२५ च्या सुमारास जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रश्न नगरपालिकेत निघाला, तेव्हा केवढा गदारोळ माजला होता, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना ज्ञात आहे. त्या वादातून दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले, त्यावर खटला भरला गेला, आणि जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्याच्या न्यायालयात उभे राहिले. ज्या नगरीत एका पुतळ्यास जागा मिळेना, तिच्याच तिजोरीतून आज या दांपत्याच्या स्मारकांसाठी द्रव्य निघते, हा काळाने केलेला न्याय होय आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. आमचा प्रश्न निराळा आहे. हे द्रव्य नेमके काय विकत घेते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पालि वाङ्मयात एक उत्तम साधन उपलब्ध आहे. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत असे सांगितले आहे की, भगवान चारिकेसाठी जेतवनातून बाहेर गेले असता श्रावस्तीचे उपासक फुले घेऊन येत, आणि वंदनेस दुसरे स्थान नसल्याने ती गंधकुटीच्या दाराशी ठेवून परत जात. अनाथपिंडिकाने ही अडचण आनंद स्थविरांना कळविली. आनंदांनी भगवंतांना विचारले, चैत्ये किती प्रकारची? भगवंतांनी तीन सांगितली : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. शारीरिक म्हणजे धातूंचे, अस्थींचे चैत्य. ते परिनिर्वाणानंतरच शक्य. पारिभोगिक म्हणजे त्या पुरुषाने ज्याचा प्रत्यक्ष उपयोग केला त्याचे, जसा बोधिवृक्ष. आणि उद्देसिक म्हणजे केवळ त्याच्या उद्देशाने, स्मरणार्थ उभारलेले. या तिसऱ्याविषयी कथेतील शब्द कठोर आहे. ते 'अवत्थुक' आहे, म्हणजे त्यास वस्तूचा आधार नाही. ते मनाच्या मानण्यावर अवलंबून आहे. म्हणून जेतवनात बोधिवृक्षाचे रोप लावण्याचे ठरले.

कथेचा पुढचा भाग आजच्या लोकप्रतिनिधींनी अवश्य वाचावा. ते फळ लावण्यासाठी प्रथम राजा प्रसेनजिताच्या हाती देण्यात आले. राजाने विचार केला की, राज्य काही सर्वकाळ टिकत नाही, तेव्हा हे अनाथपिंडिकाच्या हातून लावविणेच योग्य. सत्तेच्या स्वभावाविषयी इतकी स्वच्छ समज असलेला राजा विरळा. आजकाल कोनशिलेवर नाव कोणाचे यावरून मंडप पडण्यापूर्वीच वाद सुरू होतात.

आता भिडे वाड्याकडे वळू. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. तिच्या आरंभाची तारीख रूढ परंपरा १ जानेवारी मानते, तर काही अभ्यासक ती ऑगस्टमध्ये ढकलतात. तो वाद येथे सोडू. वाडा दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर, शहराच्या ऐन गजबजाटात होता. तळमजल्यावर दुकानांचे गाळे, वर मोडकळीस आलेला मजला, आणि जागेचे मालक, भाडेकरू व महापालिका यांच्यात दशकाहून अधिक काळ चाललेला न्यायालयीन लढा, अशी त्याची अवस्था होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली, आणि ४ डिसेंबरच्या रात्री, पोलीस बंदोबस्तात, वाडा ताब्यात घेऊन पाडण्यात आला.

वरील त्रिविध विभागणीच्या भाषेत बोलायचे तर, त्या रात्री एक पारिभोगिक चैत्य नाहीसे झाले. यापुढे तेथे जे उभे राहील ते, कितीही सुंदर असले तरी, उद्देसिक असेल. सावित्रीबाई ज्या भिंतींच्या आत उभ्या राहिल्या त्या भिंती आता नाहीत. त्या भिंतींच्या नावाने दुसऱ्या भिंती येतील.

वाडा वाचविणे शक्यच नव्हते, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य असू शकते. वरचा भाग गेला होता, लाकूड कुजले होते, रहदारीच्या रस्त्यालगत अशी इमारत ठेवणे धोक्याचे होते. आम्ही स्थापत्याचे जाणकार नव्हे. परंतु मग एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या वर्षांत वाचविण्याजोगे काही शिल्लक होते, त्या वर्षांत द्रव्य आले नाही. द्रव्य आले ते वाचविण्याजोगे काही उरले नाही तेव्हा. शासकीय ठरावांत अशा कामास 'जतन व संवर्धन' म्हणण्याची पद्धत आहे. जे पाडले त्याचे जतन होत नाही, आणि जे नव्याने बांधले जाते त्याचे संवर्धन करण्याची अद्याप वेळ आलेली नसते. शब्द तरी खरे वापरावेत. नवे स्मारक बांधावयाचे असेल तर त्यास नवे स्मारक म्हणावे. दगडाच्या वयाविषयी अभ्यागताची फसवणूक होऊ नये, एवढी किमान प्रामाणिकता सम्मा वाचेच्या परंपरेत वाढलेल्या आम्हां लोकांनी मागणे गैर नाही.

याउलट गंज पेठेतील फुले वाडा पाहावा. ते राज्य संरक्षित स्मारक आहे. कौलारू, बसक्या बांधणीची ती वास्तू पाहून बाहेरगावचा अभ्यागत क्षणभर बिचकतो, की एवढेसेच का? होय, एवढेसेच. १८६८ साली ज्या घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला, ते हेच घर. जोतीरावांची इच्छा आपला देह मिठात घालून पुरावा अशी होती; घराजवळ दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून १८९० च्या नोव्हेंबरात दहन झाले आणि अस्थी घराच्या आवारात ठेवण्यात आल्या. तिथे आज समाधी आहे. म्हणजे ही एकच जागा एकाच वेळी पारिभोगिकही आहे आणि शारीरिकही. या शहरात अशा जागा फारशा नाहीत. तिला भव्यतेची मुळीच गरज नाही. तिला कौले वेळेवर शाकारणारा माणूस हवा, पावसाळ्यात भिंतींची ओल मोजणारा अभियंता हवा, आणि शाळेच्या सहली आल्या म्हणजे हौदापाशी उभे राहून त्या पाण्याची गोष्ट नीट सांगणारा जाणकार हवा. या तिन्हींचा खर्च पगाराचा आहे, आणि पगाराच्या खर्चाचे उद्घाटन करता येत नाही, हीच खरी अडचण असावी.

जन्मस्थळांच्या बाबतीत हा गोंधळ अन्यत्रही दिसतो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्या वसाहतीतील मूळ घर आज नाही. स्थळ निश्चित करून तेथे स्मारक व्हावे म्हणून भन्ते धर्मशील यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, ई. डी. निमगडे यांनी रचना केली, आणि २००८ सालच्या जयंतीदिनी वास्तूचे लोकार्पण झाले. ते उद्देसिक चैत्य आहे आणि तसेच असल्याचे कुणी लपवीत नाही. त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ या काळात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तेथे संग्रहालय असावे की नाही यावरून स्थानिक नगरपरिषदेशी वाद झाला आणि अखेर २०२० साली परवानगी मिळाली. एका विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडासाठी परदेशात एवढा खटाटोप झाला, तो योग्यच होता, कारण ती वास्तू खरी आहे. आमच्या बुधवार पेठेतील खऱ्या वास्तूसाठी तेवढी चिकाटी वेळेवर दाखविली गेली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. पुण्यातच सेनापती बापट रस्त्यावर १९९६ साली सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. इमारत नवी, पण आतील वस्तू त्यांच्या हाताळणीतील. तेथे लोक उभे राहतात ते वस्तूंपुढे. घुमटाकडे फार तर एकदा पाहतात.

खर्चाच्या प्रश्नाकडे परत येऊ. स्मारकावर सार्वजनिक पैसा किती व कसा खर्चावा, याविषयी स्वतः जोतीरावांचे मत काय असते, याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. ते पुणे नगरपालिकेचे १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते, आणि त्यांची कृती नोंदलेली आहे. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या वेळी शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले, आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा असे सुचविले, असे चरित्रकार सांगतात. शहरात मोठी मंडई बांधण्याचा विषय निघाला, तेव्हाही एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणाकडे वळवावा अशी त्यांची भूमिका होती. हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूस होते. मंडई अर्थात झाली, १८८६ साली तिचे उद्घाटन झाले, आणि गव्हर्नरच्या नावावरून ती रे मार्केट म्हणविली जाऊ लागली. आज त्या इमारतीचे नाव महात्मा फुले मंडई आहे. ज्या बांधकामास एखाद्याने विरोध केला त्याच बांधकामाला त्याचे नाव देणे हा आदराचा एक प्रकार असेलही. पुणेकरांच्या विनोदबुद्धीची ख्याती आहे. येथे मात्र ती नकळत प्रकट झाली असावी.

याहून गंभीर साक्ष १८८२ सालच्या ऑक्टोबरातील आहे. हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारी महसुलाचा प्रश्न सरळ मांडला. शेतकऱ्यांच्या घामातून जमा झालेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्यांच्याकडून तो येतो त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणास तो मिळत नाही, हे त्यांच्या तक्रारीचे मर्म होते. सार्वजनिक द्रव्याची इतकी चोख तपासणी त्या काळात दुसऱ्या कुणा एतद्देशीय पुढाऱ्याने केली असेल, असे आम्हांस वाटत नाही. कुणाकडून आले आणि कुणाकडे गेले, हे दोनच रकाने ते मांडीत.

हे दोन रकाने आज फुले-स्मारकांच्या अंदाजपत्रकास लावून पाहावेत. नायगावचा ठराव या कसोटीस काही अंशी उतरतो, हे मान्य केले पाहिजे. जन्मभूमीच्या स्मारकाबरोबर महिलांसाठी प्रशिक्षण केंद्र मंजूर करताना, जाणून असो वा नसो, शासनाने लुंबिनी-स्तंभाचाच दुहेरी क्रम पाळला. प्रमाण मात्र बोलके आहे. स्मारकास दोन रुपये, तर शिकणाऱ्या स्त्रीस एक रुपया, असा साधारण हिशेब पडतो. जोतीराव सभासद असते तर त्यांनी हे आकडे उलटे करा असा दुरुस्ती-ठराव मांडला असता, एवढे विधान करण्यास आम्ही धजतो. बांधकाम पूर्ण झाल्यावर प्रशिक्षण केंद्राच्या शिक्षिकांचे वेतन कोणत्या शीर्षाखाली, किती वर्षांसाठी, याचाही तपशील ठरावाइतक्याच ठळकपणे जाहीर झाला पाहिजे. बलि माफ करणे म्हणजे दरवर्षी माफ करणे.

याच न्यायाचा एक प्रसंग मुंबईत घडला. इंदू मिलच्या भूमीवरील बाबासाहेबांच्या स्मारकाचा खर्च एक हजार कोटींच्या पुढे गेला असता, जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालयाच्या थकलेल्या अनुदानाचा खटला उच्च न्यायालयापुढे होता. पुतळ्यासाठी शासनाकडे पैसा आहे, पण ज्यांच्यासाठी बाबासाहेब आयुष्यभर झटले त्या लोकांच्या उपचारांसाठी नाही, अशा आशयाची खंत न्यायमूर्तींनी व्यक्त केली. त्या टीकेचा उपयोग स्मारकविरोधकांनी आपापल्या हेतूंसाठी केला, आणि स्मारकसमर्थकांनी तिला अपमान मानले. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट पाहिली नाही. न्यायालयाने बाबासाहेबांचाच निकष त्यांच्या स्मारकाला लावला होता.

गंज पेठेच्या आराखड्याविषयी आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते. वाडा आणि स्मारक जोडण्यासाठी मधल्या दाट वस्तीतील घरे घ्यावी लागतील. तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे कोण आहेत? भाजी विकणारी, हातगाडी ओढणारी, लहान कारखान्यांत राबणारी, जुन्या भाड्याच्या दोन खोल्यांत कुटुंब सांभाळणारी. जोतीरावांनी ज्यांना शूद्रातिशूद्र म्हटले त्यांचे वंशजच त्यांत अधिक असावेत. त्यांना योग्य मोबदला, त्याच पेठेत घर आणि लेखी हमी मिळणार असेल तर प्रश्न नाही. भाडेकरूंचा हक्क मालकाइतकाच विचारात घेतला जाणार असेल तर उत्तमच. परंतु वाहनतळासाठी आणि मोकळ्या प्रांगणासाठी त्यांना शहराच्या टोकाला पाठविण्यात येणार असेल, तर त्या प्रांगणात समतेचे कोणते चित्र रंगवायचे?

या बाबतीत खुद्द लुंबिनीचे आधुनिक उदाहरण सावध करणारे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस ऊ थांट यांनी १९६७ साली तेथे भेट दिल्यावर विकासाची चक्रे फिरली. जपानी वास्तुविद केन्झो तांगे यांचा, तीन मैल लांब व एक मैल रुंद भूमीचा आराखडा १९७८ साली मान्य झाला. आराखडा विलक्षण सुंदर आहे, याविषयी दुमत नाही. त्या भूमीवरील खेड्यांना मात्र उठून जावे लागले. अशोकाने भगवंतांच्या जन्मासाठी गावाचा कर माफ केला, आणि विसाव्या शतकाने त्याच जन्मासाठी गावे हलविली. १९९७ साली लुंबिनी जागतिक वारसा यादीत गेली, आणि स्तंभावरील पाचवी ओळ पर्यटकांना वाचून दाखविताना मार्गदर्शक तिच्या अर्थापाशी थांबत नाहीत.

महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावान कुलपुत्राने पाहण्यासारखी चार स्थाने सांगितली आहेत, आणि त्यांना 'संवेजनीय' म्हटले आहे. संवेग म्हणजे मनाला बसलेला तो धक्का, ज्यातून माणूस आपल्या जगण्याकडे नव्याने पाहू लागतो. अभिमान हा शब्द तेथे नाही. आमच्या संग्रहालयांतून सध्या अभ्यागताला जे मिळते ते मुख्यतः अभिमानाचे सुख असते : मोठी तैलचित्रे, गुळगुळीत पुतळे, सावित्रीबाईंवर शेण फेकले जात असल्याचा एक देखावा, आणि शेण फेकणारे कोण होते याविषयी सोयीस्कर मौन. अभिमान बाळगून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत वागतो.

भिडे वाड्याच्या जागी होणाऱ्या स्मारकात संवेग निर्माण करण्याची एक संधी अजून आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता ही मांग जातीची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. पूर्वीच्या अमदानीत मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरले जात असे, हे त्या कोवळ्या वयाच्या मुलीने त्यात नमूद केले. ज्या शहरात ती शिकली त्या शहराच्या वाड्यांविषयीच ती बोलत होती. नव्या इमारतीच्या पायापाशी, भूमिपूजनाच्या कोनशिलेहून मोठ्या अक्षरांत, तिचे म्हणणे लावण्याचे धैर्य महापालिका दाखवील काय? शाळेच्या आरंभाच्या दोन तारखांचा वादही दोन्ही बाजूंच्या पुराव्यांसह भिंतीवर मांडावा. सगुणाबाई क्षीरसागर आणि फातिमा शेख यांच्याविषयी उपलब्ध आहे तेवढेच, पण नीट सांगावे. मुलांना वाद दाखविले तर ती विचार करतात. 'एहि पस्सिक' या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय आहे? आणि वरच्या मजल्यावर मुलींची एखादी तरी चालती वर्गखोली असावी. बाकावर बसलेल्या खऱ्या मुली असतील, तर उद्देसिक वास्तूसही थोडे पारिभोगिकत्व येईल.

पाडण्यापूर्वी वाड्याची मोजणी, नकाशे, छायाचित्रे झाली असतील तर ती लोकांसमोर मांडावीत. कोरीव खांब, तुळया, चौकटी यांतील जे काही सांभाळून ठेवले असेल त्याची यादी प्रसिद्ध करावी. कुजलेली एक तुळई काचेच्या पेटीत ठेवली तरी ती पन्नास कोटींच्या संगमरवराहून अधिक बोलेल.

आमची आणखी एक सूचना आहे आणि ती महापालिकेस कदाचित रुचणार नाही. या स्मारकात एक दालन स्वतः महापालिकेच्या इतिहासास द्यावे. बत्तीस सभासदांत एकट्याने दिलेले ते विरोधी मत, मंडईच्या बांधकामावरील चर्चा, दफनास नाकारलेली परवानगी, पुतळ्याच्या ठरावावरील १९२५ चे वादविवाद, आणि डिसेंबर २०२३ च्या त्या रात्रीचे आदेश, यांची मूळ कागदपत्रे जी जी मिळतील ती तेथे क्रमाने लावावीत. या दालनासाठी नवी भिंत बांधावी लागणार नाही. जुनी दफ्तरे उघडावी लागतील, आणि ती वाचू शकेल असा मोडी व इंग्रजी जाणणारा एक अभिलेखपाल कायम वेतनावर नेमावा लागेल.